चारशे ऐंशी उशा

सोमवार, ता. ३

पोचले. बस वेळेवर होती, मी वेळेवर होते, हॉटेललाच वेळ नव्हता. काउंटरपुढे वीस मिनिटं उभी. तिथली मुलगी सारखी हसत होती. म्हटलं, बाई, हसू नकोस, किल्ली दे.

ही वही सुनेनं दिलीय. "आई, तिथं कोण काय म्हणालं ते रोज लिहा. घरी येऊन तुम्ही अर्धंच सांगता." मी म्हटलं, उरलेलं अर्धं ऐकण्यासारखं नसतं. पण लिहिते. तिला दाखवायची का नाही ते मागाहून बघू.

यायचं कारण एकच. या हॉटेलात एकशे वीस खोल्या, खोलीमागे चार उशा. मालकानं सगळं हॉटेल नवं केलं, भिंती नव्या, नळ नवे, लिफ्ट नवी, आणि उशा घेतल्या घाईघाईत कुठून तरी. आता येणारा जो तो सकाळी मान धरून खाली येतो. म्हणून नव्या उशा पाहिजेत. चारशे ऐंशी. एवढं काम मिळालं तर आमचा गाद्या-उशांचा कारखाना चालेल. नाही मिळालं तर महिनाअखेरीला कुलूप. आमच्या उशा घेणारी दोन्ही जुनी दुकानं आता तयार माल विकतात, आम्हाला कोण विचारतंय. कारखाना म्हणजे काही मोठा नाही, पत्र्याची लांब खोली आणि नऊ बाया. पण निघताना त्या नऊ जणींसमोर बोलून बसले, "काम घेऊनच येते." उगाच बोलले. आता बोलले ते बोलले.

खोलीला किल्ली नाहीच. कार्ड आहे. ते दाराला दाखवायचं, मग आत जाऊन भिंतीत खोचायचं, तेव्हा दिवे लागणार. मला कोणी सांगितलं नाही. अर्धा तास अंधारात बसले, वीज गेलीय समजून. मग बटणं शोधली. बटणं नाहीत, एक काळी काच. बोट लावलं तर पडदे सरकले. परत लावलं तर टीव्ही लागला आणि माझं स्वागत करायला लागला. खिडकी उघडत नाही. न्हाणीघराला भिंत नाही, तिथंही काच. आंघोळ करणारा आणि पलंगावरचा, दोघांनी एकमेकांकडे बघत बसायचं. मी एकटी होते म्हणून निभावलं. तरी टॉवेल टांगला.

पलंगावर सात उशा. चार झोपायच्या, तीन बघायच्या.

माझ्या पिशवीत दोन आहेत. एक नमुन्याची, मी केलेली, शुद्ध कापूस, तीनदा पिंजलेला. दुसरी सुनेनं कोंबली. "परक्या उशीवर तुम्हाला झोप लागत नाही, असू द्या." असले लाड मला खपत नाहीत. ती दुपारची कोपऱ्यात बसून काही ना काही शिवत असते, त्यातलीच ही. आत काय भरलंय ते विचारलं नाही, विचारणारही नाही. कारखान्याच्या दारावर ह्यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, जिवंत असताना स्वतःच्या हातानं पाटी लावलीय, 'आमच्याकडे फक्त कापूस'. तेवढं पुरे.

मंगळवार, ता. ४

मान गेली. हॉटेलची उशी म्हणजे पोतं आहे, त्यातही धान्य भरलेलं.

सकाळी खरेदी अधिकाऱ्याला भेटले. नीटनेटका माणूस, टेबलावर एक कागद नाही. अशा माणसाची मला भीती वाटते, तो काम कुठं करतो कळत नाही. त्यानं नियम सांगितले. नमुन्याची उशी तीन रात्री तीन पाहुण्यांना देणार, मग "पुढची चाचणी", मग निर्णय. पुढची चाचणी कसली ते मी विचारलं नाही. माझी उशी कुठल्याही चाचणीला उतरेल. दुसरा एकच विक्रेता आहे, माझ्याच मजल्यावर उतरलाय. गळ्यात टाय, हातात स्पंजाची उशी. ती दाबली की हाताचा ठसा राहतो. तो ठसा लोकांना दाखवत फिरतो. मला म्हणाला, "काकू, ही उशी तुमचं डोकं लक्षात ठेवते." म्हटलं, माझं डोकं माझ्या लक्षात आहे.

खोलीत आल्यावर म्हटलं, हॉटेलच्या उशीत आहे तरी काय ते बघावं. आमच्या धंद्यात परकी उशी उघडल्याशिवाय कळत नाही. कात्री काढली, एक बाजू उसवली, आतलं सगळं पलंगावर ओतलं. कृत्रिम कापूस, गच्च दाबून बसवलेला. हातानं सुटा करायला घेतला. सुटा झाल्यावर पलंगभर झाला, पलंगावरून उतरला, आणि वर एसी चालू. पांढरे पुंजके खोलीभर उडायला लागले. छान दिसत होतं खरं तर.

एवढ्यात घंटा. कानात सळई घातल्यासारखी. पाठोपाठ छतातून एक बाई बोलायला लागली, "कृपया घाबरू नका, जिन्यानं खाली या." तिच्या आवाजानंच माणसं घाबरत होती. आम्ही सगळे रस्त्यावर. टायवाला आंघोळीच्या झग्यात, काखेत स्पंजाची उशी, गळ्यात टाय नाही म्हणून मी आधी ओळखलंच नाही. कोणीतरी खोलीत बसून सिगारेट ओढली असणार. शिकलेली माणसं, पण लिहिलेलं वाचत नाहीत. मॅनेजरला मी चांगलं सुनावलं, असल्या लोकांना खोली देताच कशाला? तो ऐकत नव्हता, माझ्या डोक्याकडे बघत होता.

तेवढ्यात खोल्यांची देखरेख करणारी बाई आली. पन्नाशीची, कडक, सगळ्या नोकरमाणसांना धाकात ठेवणारी. मला खांद्याला धरून खांबामागे नेलं आणि माझा अंबाडा झटकायला लागली. "मावशी, हलू नका." मग खांदे झटकले, मग पाठ. ओळख ना पाळख! मी म्हटलं, "पुरे, मी काही लहान नाही." म्हणाली, "लहान असता तर बरं झालं असतं." मग मॅनेजरकडे जाऊन सांगून आली की आठव्या मजल्यावरच्या धूर ओळखणाऱ्या यंत्रात धूळ गेली, नव्या बांधकामाची. माझाही मजला आठवाच. बांधकामवाले झाडत नाहीत नीट.

परत आले तो खोली लख्ख. फाडलेली उशी गायब, बाकीच्या तिन्हीही नेल्या. चिठ्ठी होती. 'कात्री टेबलाच्या खणात ठेवली आहे. तिथेच राहू द्यावी.'

आता झोपायला सुनेचीच उशी. इलाज नाही म्हणून.

बुधवार, ता. ५

साडेसहाला जाग आली. मी पहाटे चारला उठणारी बाई. त्या पडद्यांमुळे असणार, उजेडच आत येत नाही.

सुनेचा फोन. कारखान्याचं काही बोलेल म्हटलं, तर, "झोप कशी लागली?" लागली. "कितीदा कूस बदलली?" मी काय मोजत बसते? "मान?" जागेवर आहे. "कान दुखला का उशीच्या बाजूचा?" डॉक्टरीण लागून गेलीय. मी म्हटलं, बायांना काम आहे का ते सांग. म्हणाली, "आहे थोडं. आई, उशी सकाळी दबलेली होती का परत फुगली होती?" फोन ठेवला.

फुगली होती. आता हिनं विचारलं म्हणून बघितली.

शुक्रवार, ता. ७

काल लिहिलं नाही, लिहिण्यासारखं काही झालं नाही. मी झोपले. सातपर्यंत. शोभतं का हे? दमणूक असेल. का चहा पातळ आहे म्हणून? तीन रात्री ओळीनं आहे म्हणजे हवाच वेगळी इथली.

देखरेखवाली सकाळी अंथरूण आवरायला स्वतः आली. एरवी ती हाताखालच्यांना पाठवते. म्हणाली, "मावशी, तुमची उशी ज्यांना ज्यांना दिली त्या तिघांनीही चांगली सांगितली. एक जण तर म्हणाला, लहानपणची आठवण झाली." मी म्हटलं, होणारच. टायवाल्याचं काय? "एकाला आवडली. एकाला घाम आला. तिसऱ्याच्या डोक्याचा ठसा पडला तो अजून जात नाही." मी हसले. तीही हसली. पहिल्यांदाच. मग तिनं सुनेची उशी उचलली, दोन्ही बाजूंनी दाबली, कानाशी नेली, हलवली. "ही कुठली?" म्हटलं, ती विकायची नाही. "का?" ती घरची आहे. "आमच्या मुली सांगतात, रोज दार वाजवतात तोवर घोरत असता तुम्ही हिच्यावर." मी घोरत नाही. "बरं," म्हणाली आणि उशी जागेवर ठेवली. पण ठेवताना अशी थोपटली की मला आवडलं नाही.

त्या उशीत काय आहे ते मला कळलं नाही असं नाही. चाळीस वर्षं झाली या धंद्यात. कोणाच्याही घरी गेले तरी आधी उशी चाचपते. हीच तेवढी चाचपली नाही. डोकं ठेवते आणि झोपते. उघडायची तर कात्री खणात आहे. असू दे खणात.

शनिवार, ता. ८

आज सगळं संपलं असं वाटतंय.

पुढची चाचणी म्हणजे धुणं. सकाळी दहाला आम्हाला तळघरात नेलं. मोठमोठी यंत्रं, एकेकात माणूस उभा राहील. गरम पाणी, साबण, मग वाळवायचं यंत्र. टायवाला, मी, खरेदी अधिकारी, देखरेखवाली. मी म्हटलं, अहो, उशी धुवायची नसते! अभ्रा धुवायचा. उशी उन्हात टाकायची, काठीनं झोडायची, वर्षातून एकदा पिंजायची. अधिकारी म्हणाला, "बाई, इथं रोज नवा माणूस झोपतो." मग म्हटलं, ऊन द्या. देखरेखवाली म्हणाली, "चला, मावशी, दाखवते." लिफ्टनं गच्चीवर नेलं. सगळी गच्ची यंत्रांनी भरलेली, एसीची, पाण्याची, लिफ्टची. दोन यंत्रांच्या मधे पाय ठेवायला जागा, तिथं तेवढं ऊन. एक उशी मावली असती. चारशे ऐंशी नव्हे.

खाली आलो तोवर धुणं झालं होतं. टायवाल्याची उशी मधोमध चिरली होती, पाव कापल्यासारखी. त्याची चेष्टा करायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात माझी काढली.

उशी राहिलीच नव्हती. खोळीत पाच-सहा ओले धोंडे होते आणि बाकी खोळ रिकामी. मी आत हात घातला. तीनदा पिंजलेला कापूस. माझ्या हातचा. अधिकारी चांगला माणूस आहे, हसला नाही. "माफ करा," म्हणाला. मला त्याचं माफ करा नको होतं, भांडायला काहीतरी पाहिजे होतं. भांडता येण्यासारखं तो काही बोललाच नाही.

वर मोठ्या दालनात टायवाला आणि मी एका कोचावर बसलो. तो कोच इतका खोल की उठायला दोन माणसं लागतील. तो म्हणाला, "काकू, तुमची उशी तशी चांगली होती." मी म्हटलं, तुझीही डोकं लक्षात ठेवत होती. संध्याकाळच्या गाडीनं गेला तो.

मी जाऊन नऊ जणींना काय सांगू?

दुपारी सुनेला फोन केला. तिनं विचारायच्या आत मीच विचारलं, "त्या उशीत काय भरलंस?" ती म्हणाली, "तुम्ही रागावाल." रागावलेलीच आहे, बोल. "कृत्रिम कापूस." ती भराभरा बोलायला लागली. "पण आई, यंत्रातून येतो तसा नाही भरला, आपण कापूस करतो तसा हातानं सुटा केला. आणि आत शिलाई मारून कप्पे केले, म्हणजे सरकत नाही. उंची तुमच्या खांद्याच्या मापानं घेतली. चारदा धुतली." कधी? "तुम्ही दुपारी पडता तेव्हा." म्हणजे माझ्या कारखान्यात मी दुपारी तासभर पडायचं आणि तेवढ्यात हिनं कृत्रिम कापूस धुवायचा! मी म्हटलं, दारावरची पाटी वाचता येत नाही? ती म्हणाली, "येते. पण आई, पाटी वाचून आता कोणी आत येत नाही." एवढं ती मला कधी बोलली नव्हती. मग घाबरून विचारते, "जेवलात का?"

मी फोन ठेवला. तिच्यावर चिडले होते म्हणून ठेवला असं लिहिणार होते. खरं म्हणजे पुढं काय बोलावं ते सुचलं नाही.

रविवार, ता. ९

काल ठरवलं होतं, या उशीवर झोपायचं नाही. पलंगाच्या कडेला ठेवली आणि हातावर डोकं घेऊन पडले. सकाळी जाग आली तेव्हा डोक्याखाली उशीच. साडेसात. पाच रात्री झाल्या.

ह्यांना काय वाटेल याचा विचार केला. ह्यांना तीस वर्षं रात्री झोप नव्हती, तेही चांगल्या कापसाच्या उशीवर. पाटी लावणाऱ्या माणसाला वाटेल ते वाटो, नऊ बायांचं मला बघायचंय.

अभ्रा काढला, त्याला माझ्या केसांचं तेल लागलं होतं. उशी काखेत मारली आणि देखरेखवालीच्या खोलीत गेले. टेबलावर आपटली. "घ्या. धुवा."

ती म्हणाली, "विकायची नव्हती ना?"

"धुवा म्हटलं ना! तुम्हाला काय पाहिजे, मी पाया पडू?"

"नको नको, तुम्ही पाया पडायला वाकाल आणि उठवायला मलाच यावं लागेल." आणि उशी घेऊन पळालीच. शुक्रवारपासून ती याचीच वाट बघत होती की काय कोण जाणे. जाता जाता म्हणाली, "मावशी, मंगळवारची घंटा कशानं वाजली ते तुम्हाला खरंच माहीत नाही?" मी म्हटलं, सिगारेटनं. ती हसत हसतच गेली. हसण्यासारखं काय होतं त्यात?

सोमवार, ता. १०

तीन वेळा धुतली. तीन वेळा गेली तशीच आली. चौथ्यांदा अधिकाऱ्यानं स्वतः यंत्रात टाकली, त्याचा विश्वास बसेना. मग टेबलावर ठेवून वर कोपर ठेवलं, मग गाल ठेवला. नीटनेटका माणूस, पण दोन मिनिटं डोळे मिटून तसाच.

"कोणी बनवली?"

मी म्हटलं, आमच्या कारखान्यात झाली.

खोटं नाही ते. तिथंच झाली. पण तो माझ्याकडे बघून म्हणाला, "चाळीस वर्षांचा हात दिसतो," आणि मी मान हलवली. ती मान हलवायला नको होती. दुपारभर तेच डोक्यात. हे पान फाडावं की काय.

संध्याकाळी त्यानं परत बोलावलं. कप्पे किती, आत वजन किती, एका दिवसात किती होतील, काठ दुहेरी का? मला एकही सांगता येईना. मान हलवून आता भागत नव्हतं. म्हटलं, "जिला माहीत आहे तिला बोलावते." "म्हणजे तुमच्या कारागीर का?" मी म्हटलं, आली की बघा.

सुनेला फोन केला. "उद्या रात्री निघ. परवा सकाळी इथं पाहिजेस." ती म्हणाली, "काय झालं, आई? बरं नाही का?" म्हटलं, मला काय होतंय? येताना तुझी मापांची वही आण. ती म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे माझी वही आहे ते?" अगं, एका पत्र्याखाली राहतो आपण. मला सगळं माहीत असतं, मी फक्त बोलत नाही.

बुधवार, ता. १२

आली. सहा तास बसमधे बसून आली तरी केस नीट, साडी नीट. मी खाली दालनातच उभी होते. मला बघून आधी माझ्या मानेकडेच बघितलं. मी म्हटलं, बरी आहे मान, चल वर.

अधिकाऱ्याच्या खोलीत मी पुढं, ती मागं. नेहमीचंच आहे ते, आम्ही कुठंही गेलो तरी. अधिकारी उठून उभा राहिला, खुर्ची माझ्यासाठी ओढली. सून भिंतीशी उभी राहिली. देखरेखवाली दारात. अधिकाऱ्यानं उशी माझ्यासमोर ठेवली आणि सुनेकडे बघून म्हणाला, "आणि ह्या? तुमच्या मदतनीस का?"

सून "हो" म्हणायला निघाली होती. मी तिचं तोंड बघितलं, ती म्हणालीच असती.

मी उठले. खुर्ची तिच्याकडे सरकवली. म्हटलं, "बस इथं. साहेब, ही माझी सून. उशी हिची आहे. सगळी हिनं केली, मला न सांगता केली. काय विचारायचं ते हिला विचारा."

"पण मला वाटलं, तुम्ही..."

"मी मान हलवली होती ती चुकून. मी गिऱ्हाईक आहे. पाच रात्री झोपलेय हिच्यावर."

देखरेखवाली दारातून म्हणाली, "घोरत."

"घोरत," मी म्हटलं. "लिहून घ्या तेही."

अधिकारी हसला. मग खरंच कागद ओढला, म्हणाला, "बरं, गिऱ्हाईक म्हणून सांगा. उशी कशी आहे?"

मी सुनेकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं. म्हटलं, "मी आयुष्यभर उशा केल्या. अशी मला जमली नसती."

सुनेनं मापांची वही उघडली होती, ती उलटी धरली होती, आणि वाचत असल्यासारखी खाली बघत होती. एक थेंब पानावर पडला. अधिकारी पाण्याचा पेला शोधायला लागला, देखरेखवाली रुमाल. आता सगळी खोली हिला सांभाळत बसणार आणि दुपार होणार.

मी म्हटलं, "रडू दे तिला, लिहिता लिहिता रडता येतं. तुम्ही सांगा, चारशे ऐंशी कधीपर्यंत पाहिजेत?"